वाढत्या अंगाचा नंबर

आमच्या चष्मेवाल्यांइतकी कर्वेनगरातली माणसं दुसरं कोणी ओळखत नसेल, आणि त्यांच्याइतकी कमी नावंही दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतील, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. माणसाला नाव असतं ही गोष्ट त्यांनी कधी फारशी मनावर घेतलीच नाही. त्यांच्या लेखी माणसाला नंबर असतो. मी साडेचार. इतकी वर्षं झाली, त्यांच्या दुकानाची पायरी चढले की आतून आवाज येतो, "या साडेचार, बसा." एकदा मी अशीच गेले, तर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि सौजन्याने म्हणाले, "नाही हो, पाच वाजून गेलेत." चष्मेवाल्यांनी मान वर न करता त्यांना गप्प केलं. "तुम्ही पावणेदोन. मध्ये बोलू नका."

वाटेत भेटले तरी तेच. "त्या सव्वातीनचं लग्न ठरलं बरं का, अडीचशी. चांगलं झालं, एकमेकांचे चष्मे शोधून देतील." आता ही सव्वातीन कोण, हे विचारायची सोय नाही, कारण त्यांना एवढंच ठाऊक. फार खोदून विचारलं तर म्हणायचे, "अहो ती, डावा डोळा पाव नंबरने जास्त असलेली!" जणू काही आपण रस्त्याने लोकांचे डावे डोळे बघतच चालतो. आमच्या ह्यांची मात्र त्यांच्यापुढे पार शोभा झाली. ह्यांची नजर घारीसारखी. पहिल्यांदा त्यांना दुकानात घेऊन गेले तेव्हा चष्मेवाल्यांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझे मिस्टर." "नंबर?" "नाही त्यांना." "बिननंबरी?" असं त्यांनी अशा काही सुरात विचारलं, जसं एखाद्याने "अजून नोकरी नाही?" असं विचारावं. ह्यांना ते इतकं लागलं, की पुढे कित्येक वर्षं ते माझा चष्मा आणायला गेले तरी दुकानाबाहेर स्कूटरवरच बसून राहत.

दुकान म्हणजे दोन माणसं एकमेकांना "जरा सरका" म्हणत उभी राहतील, एवढंच. डोळे तपासायचे तर तक्ता लांब हवा आणि लांब जायला जागा नाही. म्हणून तपासायच्या खुर्चीच्या मागे, डोक्याच्या वर तक्ता, त्यावर सगळी अक्षरं उलटी, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात बघितलं की अक्षरं सुलटी. विकतचा तक्ता त्यांना पसंत नव्हता. स्वतः काळ्या शाईने पांढऱ्या पुठ्ठ्यावर उलटं मराठी लिहायचे, आणि त्यांचा हात त्यात इतका बसला होता की कधीकधी तंद्रीत पावतीसुद्धा उलटी लिहून द्यायचे. आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी ती घरी नेऊन कपाटाच्या आरशापुढे धरली होती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तक्त्याची शेवटची ओळ मुंगीएवढी आणि ती दर सोमवारी बदलायची. कारण बाकावर बसलेले लोक आधीच्या माणसाचं वाचन ऐकून ती ओळ पाठ करायचे आणि स्वतः खुर्चीत बसले की घडाघडा म्हणून दाखवायचे. आपल्या लोकांना परीक्षा म्हटली की पास व्हायचंच असतं, मग ती डोळ्याची का असेना! चष्मेवाले शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "छान. पाठांतराला इथे मार्क नाहीत. आता दिसतंय ते वाचा." ओळीसुद्धा त्यांच्या स्वभावाला साजेशा असत. "उगाच डोळे बारीक करू नका." "मान पुढे काढल्याने नंबर कमी होत नाही." "हे वाचता आलं असेल तर कशाला आलात?" ही शेवटची वाचून एक गृहस्थ खरोखर उठून गेले होते.

फ्रेमच्या बाबतीत तर ते गिऱ्हाइकाला विचारायचेच नाहीत. तुम्ही एखादी आवडीने उचलली की ती तुमच्या हातातून काढून घेऊन म्हणायचे, "ही तुमच्या नाकाची नाही." स्वतः मात्र दांडीला पांढरा दोरा गुंडाळलेली तपकिरी फ्रेम वापरायचे. दुकानातल्या इतक्या फ्रेमांत म्हणे त्यांच्या नाकाची एकही नव्हती. कोणी चुकून डॉक्टर म्हटलं तर उसळायचे. "मी डॉक्टर नाही. मी काच बसवतो." लहान मुलाचा नंबर तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून तपासल्याशिवाय काच घासायलाच घ्यायचे नाहीत. पोरं डोळे ताणतात आणि आपल्याला फसवतात, असं त्यांचं म्हणणं.

माझी लेक त्यांच्याकडे पहिल्यांदा गेली ती आठ वर्षांची असताना, आणि दीड होऊन परत आली. दहाव्या वर्षी ती अडीच झाली, बाराव्या वर्षी सव्वातीन. दर वेळी मी घरी येऊन रडायची, गाजराचा रस काढायची, टीव्हीची वायर उपटून ठेवायची. चष्मेवाल्यांना त्याचं काही नाही. ते लाकडी खणातून तिचं पिवळं कार्ड काढायचे, त्यावर नवा आकडा लिहायचे आणि "वाढतंय पोर" म्हणून ठेवून द्यायचे. कार्डावर नाव नाहीच. वर फक्त लिहिलेलं, "निळी इमारत, तिसरा मजला, साडेचारची मुलगी." मी दुकानात तिला शंभर वेळा नावाने हाक मारली असेल. पण त्यांच्या डोक्यात सगळी जागा नंबरांनी अडवलेली, नाव बिचारं ठेवणार कुठे!

ती चौदा वर्षांची झाली आणि तो घोळ झाला. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात हिला राजकन्या व्हायचं होतं. संवाद सगळे पाठ, आवाज खणखणीत. बाईंनी निवड केली आणि हिला दिली आजीबाई. का? तर म्हणे, "चष्मा तुझा आहेच, वेगळा आणायला नको." बाईंच्या मनात काही वाईट नसेल, त्यांनी आपली सोय पाहिली. पण वर्गातली एक मुलगी "आज्जी, ढापणी आज्जी" म्हणत हिच्यामागे लागली आणि माझ्या लेकीने त्या दिवसापासून चष्म्याचं नावच टाकलं. घरातून निघताना घालायची, कोपऱ्यावर गेली की दप्तरात. त्या अवस्थेत सायकल चालवायची. एके दिवशी काकडीच्या हातगाडीवर जाऊन आदळली. गुडघे फुटलेले, कोपर सोललेलं, आणि मला म्हणते कशी, "मला वाटलं हिरवी रिक्षा आहे." मला हसू की रडू कळेना. त्या रस्त्याला वारज्याकडे जाणारे ट्रक असतात. काकडीच्या जागी ट्रक असता तर, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

मी तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होते. आमच्या ऑफिसात त्या वर्षी लेसरची साथच आली होती. शुक्रवारी चष्मा लावून गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात उघड्या डोळ्यांनी यायचा, आणि खिडकीतून लांबच्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवायचा. मला वाटलं, सुटलो! पैसे आहेत, मशीन आहे, पोरीच्या मागची कटकट एकदाची जाईल. मी लगेच एका दवाखान्यात फोन लावून नंबर लावून टाकला. फोनवरच्या मुलीने नम्रपणे विचारलं, "पेशंटला अठरा पूर्ण आहेत ना? आणि चष्म्याचा नंबर स्थिर असल्याचे मागचे कागद घेऊन या. डॉक्टर तपासून ठरवतील." मी म्हटलं, "हो हो, होतच आलीत." चौदाव्या वर्षी अठरा होतच आलीत! मी खोटं बोलते तेव्हा असंच, थोडं खऱ्याला चिकटून बोलते.

आता राहिले कागद. शनिवारी लेकीला घेऊन मी चष्मेवाल्यांकडे गेले. ही बाकावर, फुगलेली, चष्मा हातात. मी आवाज खाली आणून म्हटलं, "एक काम होतं. तेवढी एक चिठ्ठी द्या ना, की हिचा नंबर दोन वर्षं थांबलाय म्हणून. लेसरसाठी नंबर लावलाय."

त्यांनी हातातली काच खाली ठेवली. "नंबर लावलाय?"

"हो."

"नंबर थांबायच्या आधी नंबर लावलात?" त्यांनी खणातून पिवळं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. दीड, अडीच, सव्वातीन, आणि पंधरवड्यापूर्वीच डॉक्टरांनी औषध घालून काढलेला पावणेचार. "वाचा, साडेचार. यात थांबलेलं काय दिसतंय तुम्हाला?"

मी चिडले. म्हटलं, "अहो, तुमचं काय जातं? पोरगी चष्म्याशिवाय सायकल चालवते. उद्या गाडीखाली आली तर हे कार्ड घेऊन काय करू मी?" बोलता बोलता माझा आवाज फाटला. बाकावरचे लोक आपापल्या चपला बघू लागले.

चष्मेवाल्यांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "शाळेचा युनिफॉर्म शिवता तेव्हा शिंप्याला काय सांगता?"

"काय सांगते?"

"सांगा ना."

"वाढत्या अंगाचा शिव म्हणून सांगते."

"का?"

"पोरगी वाढतेय म्हणून."

"डोळापण तिचाच आहे. तोही वाढतोय. युनिफॉर्मला आत कापड दुमडून ठेवता येतं, पुढच्या वर्षी उसवता येतं. लेसर वाढत्या अंगाचं करता येत नाही, साडेचार. डोळ्याचा वरचा पापुद्रा आजच्या मापाने एकदा घासला की घासला. उद्या डोळा वाढला, नंबर पुन्हा आला, की परत चष्मा. आणि पुन्हा घासायला तेवढा पापुद्रा उरेलच असं नाही." मग माझ्याकडे बघत जरा मऊ आवाजात म्हणाले, "लहान पोरांना कधी करतच नाहीत, असं नाही म्हणत मी. एखाद्याच्या डोळ्याची फारच वेगळी अडचण असली तर मोठे डॉक्टर बघून ठरवतात. तुमच्या पोरीची अडचण डोळ्यात नाही. शाळेत आहे."

एवढ्या वेळात पहिल्यांदा लेक बोलली. "मग मी काय म्हातारी होईपर्यंत थांबू?"

"कशाला? नंबर थांबेपर्यंत थांब. या कार्डावर दोन वर्षं एकच आकडा आला, की मी स्वतः चिठ्ठी देतो. खरी." आणि मग, मला आजही नवल वाटतं, ते तिला म्हणाले, "आजीचं काम मिळालंय ना? मग चांगलं कर. आजीला अशी गुलाबी फ्रेम असते का?" त्यांनी नाकावरची दोरा गुंडाळलेली फ्रेम काढली, तिच्या नाकावर ठेवली, मान तिरपी करून पाहिलं. "ही तुझ्या नाकाची आहे." त्यात त्यांनी तिच्या नंबरच्या काचा बसवून दिल्या. स्वतः आठवडाभर विक्रीतली एक चौकोनी फ्रेम घालून बसले आणि कोणी विचारलं की म्हणायचे, "माझी नाटकात गेलीय."

माझ्या पोरीने ती आजी अशी काही उभी केली, की राजकन्या कोण होती हे कोणालाही आठवेना. त्या दोरावाल्या चष्म्यावरून बघत ती "कोण ते?" म्हणाली की सभागृह हसायचं. तिला बक्षीस मिळालं. चष्मेवाले पहिल्या रांगेत होते. नाटक कसं वाटलं विचारलं, तर म्हणाले, "डावी दांडी सैल होती. तीनदा सरकली."

पण त्यांची खरी चाल पुढेच होती. त्यांनी तिला उलटं लिहायला शिकवलं आणि तक्त्याची शेवटची ओळ तिच्याकडे सोपवली. दर सोमवारी शाळा सुटली की ही चष्मा लावून दुकानात हजर, कारण चष्म्याशिवाय मुंगीएवढं उलटं अक्षर लिहिणार कसं? तिने लिहिलेली पहिली ओळ होती, "ढापणी म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचून दाखवावं." आणि योग बघा, तिला ढापणी म्हणणारी ती मुलगी त्याच आठवड्यात आईचा हात धरून तपासायला आली. दोन ओळी वाचून तिसऱ्या ओळीवर अडकली. चष्मेवाल्यांनी गंभीर चेहऱ्याने तिच्या डोळ्यापुढे काच धरली आणि म्हणाले, "आता शेवटची वाच." तिने वाचली. पुढे ती दीड झाली आणि माझ्या लेकीची जिवलग मैत्रीणही.

सायकल चष्मा लावून चालू लागली. माझा जीव भांड्यात पडला. कार्डावरचे आकडे मात्र वाढतच राहिले. सोळाव्या वर्षी ती साडेचार झाली आणि मोठी पंचाईत झाली, एका घरात दोन साडेचार! चष्मेवाल्यांनी त्यावर तोडगा काढला. मी जुन्या साडेचार, ती नवी साडेचार. सहा महिन्यांनी ती मला मागे टाकून पुढे गेली तेव्हा मलाच हायसं वाटलं. शेवटी ती सव्वापाचला पोचली, आणि तिथे थांबली. एक वर्ष सव्वापाच. दुसरं वर्ष सव्वापाच. तोवर तिचं इंजिनीअरिंग निम्म्यावर आलेलं, आणि लेसरचं वेड मला विचाराल तर आम्हा सगळ्यांच्या डोक्यातून गेलेलं. ह्यांना तर तिचा चष्मा आवडायलाच लागला होता.

पण चष्मेवाल्यांच्या लक्षात होतं. एका सोमवारी त्यांनी तिच्या हातात पाकीट ठेवलं. "नंबर बसला. आता जा." मी म्हटलं, "अहो, पण आता काय गरज आहे? चष्म्यात चांगली दिसते ती." ते माझ्यावर डाफरले, "चिठ्ठी मी तिला कबूल केली होती, तुम्हाला नाही. करायचं की नाही ते तिचं ती ठरवेल." तिने ठरवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं, पापुद्र्याची जाडी मोजली, आणि पाकीट उघडून बुचकळ्यात पडले. आत लिहिलं होतं, "सव्वापाच पाठवत आहे. दोन वर्षं हललेली नाही." डॉक्टर म्हणाले, "सव्वापाच कोण?" लेक म्हणाली, "मी."

आठ-दहा दिवसांनी आम्ही दुकानात गेलो. ती उघड्या डोळ्यांनी. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, "या," म्हणाले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडेना. इतक्या वर्षांत त्यांना असं अडखळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि म्हणाले, "वाच." तिने वरून सगळं सरळ वाचत आणलं. शेवटच्या ओळीला ती जरा थबकली, कारण ती ओळ तिने लिहिलेली नव्हती. मग तिने वाचली, "तुझं नाव काय?"

"बरोबर," चष्मेवाले म्हणाले, आणि पेन उघडून कार्ड हातात घेऊन वाट बघत राहिले. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला, की ही ओळ नुसती ओळ नाही. लेक हळूच म्हणाली, "मृण्मयी." "शून्याला काय हाक मारणार?" असं काहीसं ते पुटपुटले आणि कार्डावर तिचं नाव लिहू लागले. दोनदा खोडलं. म्हणाले, "उलटं लिहायला फार अवघड नाव ठेवलंत, साडेचार." लेक हसत होती आणि तिच्या नव्या कोऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाणी काढू नकोस, अजून जपायचेत," म्हणून ते तिच्यावर ओरडले.

पुढे मृण्मयी नोकरीसाठी बंगळूरला गेली. दुकानात आता दुसरं कोणी उलटं लिहीत नाही, सोमवारची ओळ पुन्हा चष्मेवालेच लिहितात. त्यांचा हात हल्ली जरा कापतो. परवा मला जवळचंही धूसर दिसायला लागलं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. मी बाकावर बसून होते. खुर्चीत एक पोक्त बाई तपासून घेत होत्या. शेवटच्या ओळीवर त्या अडल्या. "मृ... मृण्... अहो, हा कसला शब्द?"

"नाव आहे," चष्मेवाले म्हणाले.

मग माझी पाळी आली. त्यांनी माझा चष्मा काढून घेतला, दिवा लावला. आरशात सगळा पांढरा धुरळा, आणि त्याच्या तळाशी एक काळा ठिपका. त्यांनी वरच्या ओळी विचारल्याच नाहीत. म्हणाले, "शेवटची वाचा."

मी म्हटलं, "मृण्मयी."

"दिसतंय?"

"नाही. पाठ आहे."

मार्कांचं ते नेहमीचं वाक्य आता येणार, म्हणून मी वाट बघत बसले. ते आलं नाही. "बरोबर," म्हणाले आणि माझ्या डोळ्यापुढची काच बदलली.